कडूबाची नऊ वाजताची धडधड

चूक माझी होती, हे आधीच कबूल केलेलं बरं.

पिंपळगाव रेणुकाईच्या स्टँडजवळच्या कटिंगच्या दुकानात कडूबा दाढीला बसला होता. गालाला फेस, मान मागं टाकलेली, डोळे मिटलेले. मी बाकड्यावर नंबर लावून होतो. बोलायला काही नव्हतं म्हणून म्हणालो, "काका, काकूंचं यंदा भारी झालं बरं का. प्लॉटच्या जीपमधे मागं चौदा बाया कोंबलेल्या अन् काकू पुढच्या शिटावर, वसंताच्या बाजूला. एकदम साहेबीणबाई!"

मला वाटलं, मी कौतुक करतोय. पण वस्तऱ्याखालची मान अशी झटक्यात ताठ झाली की कारागिरानं हात वर उचलला म्हणून निभावलं. तरी रक्ताचा एक टिपका उमटलाच. तुरटी फिरवून घेता घेता कडूबानं आरशातून माझ्याकडं पाहिलं.

"रोज?"

"रोज म्हंजे... मी पाह्यलं तव्हा तरी."

"किती येळा पाह्यलं?"

तिथं मी गप बसायला हवं होतं. मी म्हणालो, "आता मोजलं थोडंच हाय, काका."

मोजलं नाही म्हणजे मोजण्यापलीकडं गेलंय, असा अर्थ काढून कडूबा खुर्चीवरून उठला आणि अर्ध्या दाढीनंच घरी निघाला. इथून पुढं या गोष्टीत माझं काही काम नाही. काडी टाकली, आता लांब उभं राहून बघणं आलं. जे बघायला मिळालं नाही ते नंतर नवऱ्याकडून एक आणि बायकोकडून दुसरं असं ऐकलं.

कडूबा म्हणजे आमच्या पट्ट्यातला शेडनेटवाला. भोकरदनच्या बाजूला मिरची-काकडीच्या बियाण्याचे जे प्लॉट उभे राहिले, त्यातल्या कितीतरींचा लोखंडी सांगाडा आणि त्यावरची पांढरी जाळी त्याच्या हातची. जाळी ताणली की तो तिच्यावर बोटानं टिचकी मारून बघायचा. हलगीसारखी वाजली तरच खाली उतरायचा. "माझ्या जाळीत माशी जायची न्हाई अन् आतलं बाहीर दिसायचं न्हाई," असं तो कुठंही, कुणालाही, न विचारता सांगायचा.

वैशाखात एका प्लॉटवर पाइपावरून त्याचा पाय सटकला आणि तो उजव्या खांद्यावर पडला. हाड मोडलं नाही, पण हात कानाच्या वर जाईना. भोकरदनच्या दवाखान्यात दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवल्यावर. आणि दहा दिवसांनी दाखवायला या, असं बजावलंही होतं. कडूबा परत गेला नाही. गोळीनं ठणका थांबतो हे कळल्यावर डॉक्टरला तोंड दाखवायचं काय कारण? तो रिकामी पट्टी घेऊन गावातल्या मेडिकलवर जायचा, ती काउंटरवर आपटायचा आणि म्हणायचा, "हेच." दहा दिवसांच्या गोळ्या त्यानं भाद्रपदापर्यंत ओढल्या. जेवल्यावर घ्यायची ती गोळी हळूहळू चहाबरोबर सरकली, कारण सकाळी सातला जेवतं कोण?

आणि इकडं तो खाली बसला तशी त्याची बायको दैवशाला वर चढली.

दैवशाला आठ वर्षं क्रॉसिंगला जात होती. मिरचीची उद्या फुलणारी कळी आज दुपारीच चिमट्यानं उघडायची, तिच्यातले नर अलगद काढून टाकायचे, देठाला लोकरीचा रंगीत धागा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भलत्या जातीच्या मिरचीची नर-पावडर तिला लावायची. हे झालं क्रॉसिंग. काम बारीक, नजरेचं आणि मानेचं. मधे एखादी मधमाशी दुसऱ्या रानातली पावडर पायाला चिकटवून आत आली, तर त्या फुलाचं बी वेगळंच निघतं. असं बी तपासणीत सापडलं की अख्खा लॉट नापास. म्हणून जाळी, म्हणून दोन दोन दारं, म्हणून आत जाताना हात धुणं. यंदा प्लॉट सांभाळणाऱ्या वसंतानं चौदा बायांवर मुकादम म्हणून दैवशालाला नेमलं. पावडरीचा डबा सांभाळणं मुकादमाचं काम. तो बर्फात ठेवलेला डबा धक्का न लागता न्यायचा, म्हणून ती पुढच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसायची. इतकं सरळ होतं.

तिनं ते नवऱ्याला सांगितलंही. कटिंगच्या दुकानातून कडूबा आला, अर्धा गाल पांढरा, अर्धा काळा, आणि उंबऱ्यातच त्यानं विचारलं, "पुढं बसती म्हणं तू?"

"डबा असतो मांडीवर."

"डबा मागं ठिवायला जागा न्हाई?"

"मागं सोनूबाई बसती. डब्याचा चुरा करून ठिवल ती."

सोनूबाई शेजारीण, क्रॉसिंगलाच जाणारी; अंगानं भरभक्कम आणि तोंडानं त्याहून. उत्तर चोख होतं. कडूबाला उत्तर चोख निघालं याचाच राग आला. चोख उत्तर म्हणजे आधी तयार केलेलं, नाही का?

वसंता मूळचा परतूरचा. चाळिशीचा, भांग काढलेला, शर्ट खोचलेला. रोज सकाळी सातला त्याची जीप देवीच्या देवळापुढं उभी राहायची. दैवशालाला तो ताई म्हणायचा.

"ताई म्हणायला काय खर्चा येतो?" कडूबा मला एकदा म्हणाला. "जीभ तर फुकटची."

खरा घाव पुढचा होता. दैवशाला ताई, म्हणून वसंता कडूबाला दाजी म्हणायचा. जीप दारावरून जाताना हात वर करून, "काय दाजी, खांदा काय म्हणतो?" कडूबाला वाटायचं, खांद्याचं नाव घेऊन हा आपल्या घरी बसण्याचा उल्लेख करतो. तो मान हलवायचा आणि शेळीच्या पाठीवर विनाकारण एक धपाटा घालायचा. दारातल्या दोन शेळ्यांनी या भाद्रपदात दुसऱ्याच्या वाटणीचा पुष्कळ मार खाल्ला.

आणि मग ती धडधड.

सकाळी सातला दैवशाला चहा टाकायची, गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची आणि निघायची. साडेआठ-नऊच्या सुमाराला कडूबाच्या छातीत सुरू व्हायचं. असं, की आत कुणीतरी पत्रा बडवतंय. तळहाताला घाम. बसावं तर उठावंसं वाटे, उठावं तर कुठं जावं कळेना. काहीतरी वाईट होतंय, आत्ता होतंय, कुठंतरी होतंय, एवढंच पक्कं वाटायचं. दुपारी उतरायचं. पाचला तो दुसरी गोळी घ्यायचा, सहाला जीप यायची, आणि साडेसहाला दैवशाला समोर भाकरी थापत बसली की पुन्हा तेच.

नऊला ती प्लॉटवर असते आणि साडेसहाला ती समोर असते. अजून काय पुरावा पाहिजे?

"आपलं काळीज खोटं बोलत न्हाई," कडूबा स्वतःला सांगायचा. जिथं बाकीच्या नवऱ्यांना चुगली करणारा माणूस शोधावा लागतो, तिथं त्याला चुगली घरबसल्या, वेळेवर, दिवसातून दोनदा मिळत होती. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लोक जिथं दुधाचं माप लिहितात त्या चौकोनांत, नोंद सुरू केली. धडधड झाली की पेन्सिलीनं एक 'व' आणि खाली वेळ. फार जोराची झाली तर दोन 'व'. दैवशालाच्या भावाला बोलावून एक दिवस हे सगळं पुढ्यात टाकायचं, असा बेत होता.

माशीसुद्धा आत जाऊ नये म्हणून आयुष्य घातलेल्या माणसाच्या डोक्यात संशय नुसता शिरला नाही. त्यानं तिथं चूल मांडली. दैवशालानं पोपटी लुगडं नेसलं, 'व'. डोक्याला वासाचं तेल लावलं, 'व'. एकदा जेवताना त्यानं मोजलं, भाकरी संपेपर्यंत तिनं वसंताचं नाव सात वेळा घेतलं. वसंताभाऊ म्हणत व्हते धागे संपले, वसंताभाऊ म्हणत व्हते औषध उद्या मारू.

"वसंताभाऊला अजून काय काय म्हणता येतं?" कडूबानं विचारलं.

"सगळं म्हणता येतं. तुमच्यावानी कुंथत न्हाईत ते."

हे तिनं गमतीनं म्हटलं होतं. कडूबानं ताट सरकवलं आणि सांगून टाकलं, "घटस्थापनेपासून जायचं न्हाई तू. बिलकुल न्हाई."

दैवशालाची भाकरी तव्यावर होती. ती उलटून झाल्यावर ती म्हणाली, "क्रॉसिंग अजून महिनाभर हाय. मधूनच मुकादमीण उठून गेली, तर पुढच्या साली कोण इचारल मला?"

"नगं इचारू देत."

"अन् आठ वर्सं चिमटा धरून जे बोटात आलं, ते काय शेळ्या वळायला?"

घटस्थापनेला सोळा दिवस होते. दोघांनीही ते मनात मोजून ठेवले.

त्यानंतर पित्तरपाट लागला आणि गावातला मेडिकलवाला आपल्या गावाकडं पित्तर घालायला गेला. दुकान तीन दिवस बंद. कडूबाच्या गोळ्या नेमक्या आदल्या दिवशी संपल्या होत्या. खांदा ठणकला, सुंठ उगाळून लावली, शेक घेतला. पण पहिल्या दिवशी नऊ वाजले, साडेनऊ वाजले, आणि छातीत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तो तयारीनं बसला, पेन्सिल कानावर. पत्रा बडवणारा आलाच नाही. तिसऱ्या दिवशी कडूबाला चक्क भूक लागली, त्यानं दोन भाकरी खाल्ल्या आणि दुपारी घोरला.

संध्याकाळी त्यानं सोनूबाईला कुंपणापाशी गाठलं. चेहरा विजयी.

"काय सोनूबाई, वसंता न्हाई आला वाटतं तीन दिवस?"

"कुणी सांगितलं? रोज आलाय की मेला. परवा तर आमच्यासंगं बसून जेवला. दैवशालाच्या डब्यातली अंबाडीची भाजी निम्मी त्यानंच खाल्ली."

"तीन दिवस? बराबर आठवतं तुला?"

"अरं बाबा, मी जालन्याच्या कोर्टात उभी हाय का?"

कडूबाचा चेहरा उतरला. दुसरा एखादा असता तर त्याला काळजाची शंका आली असती. कडूबाला सोनूबाईची आली. तिला यांनी फितवलं असणार. आणि अंबाडीची भाजी? अंबाडीची भाजी ती त्याच्यासाठी करायची. लग्नापासून.

चौथ्या दिवशी मेडिकल उघडलं. ठणका फार म्हणून त्यानं सकाळी एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या, उपाशीपोटी, काळ्या चहाबरोबर. आणि नऊच्या आधीच पत्रा असा बडवला जाऊ लागला की कॅलेंडरवर दोन 'व'ही पुरेनात. त्यानं ते पानच टरकावलं, घडी करून शर्टाच्या खिशात घातलं, जाळी कापायचं आकडीचं कटर घेतलं आणि एका दूधवाल्याच्या गाडीवर मागं बसून प्लॉटवर गेला.

हा प्लॉट त्यानंच बांधलेला होता. म्हणून एक गोष्ट त्याला इतर कुणाहीपेक्षा पक्की माहीत होती. बाहेरून आतलं दिसणार नाही. त्यानं जाळीला डोळा लावून पाहिलं. पांढरं धुकं. त्यात सावल्या. एक सावली उंच वाटली. आतून हसण्याचा आवाज आला आणि त्यात एक हसणं त्यानं ओळखलं. चार महिन्यांत ते घरी ऐकलं नव्हतं.

कडूबानं मागच्या कोपऱ्यात, गुडघ्यावर बसून, स्वतः ताणलेल्या जाळीत कटर घातलं. टर्र. चार बोटांची चीर.

डोळा लावला. आत वसंता नव्हता.

उंच सावली म्हणजे मिरचीच्या ओळीत उभा केलेला बांबू. बाया बोटावर पावडर घेऊन थांबल्या होत्या आणि मधे दैवशाला उभी होती. उजवा खांदा वर चढवून, मान वाकडी करून, एक हात हवेत पसरून ती जाड आवाजात म्हणत होती, "अगं दैवशालाऽ, गोळी कुठंय माझी? अगं मेलो, मेलो, जल्दी!" सोनूबाई हसून हसून सरीतच बसली होती. दैवशालाही हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

कडूबाला काय झालं ते त्यानं मला पुढं सांगितलं, पण एकदाच आणि तिसरीकडं बघत. वसंता आत असता तर त्याला बरं वाटलं असतं, म्हणाला. मग निदान एका माणसाशी भांडायचं होतं. हे तर मोठंच लचांड. ती त्याच्यावाचून, चौदा बायांमधे, मिरचीच्या झाडांमधे, त्याचीच नक्कल करून सुखात होती. आता चौदा बायांचा मत्सर करायचा म्हणजे माणसानं सुरुवात कुठून करावी?

तेवढ्यात कानाजवळून काहीतरी भुणभुणत गेलं. मधमाशी. ती चिरेच्या कडेवर बसली, दोन पावलं चालली आणि आत गेली.

कडूबानं पटकन चिरेवर तळहात दाबला. आणि तसाच राहिला. हात काढावा तर दुसरी माशी आत. हात ठेवावा तर कुणीतरी बघणार. शेजारच्या रानात देशी मिरची फुलावर होती, हे त्याला दिसत होतं. लॉट नापास झाला तर जबाब द्यायला पुढं कोण उभं राहणार, हेही दिसत होतं. पत्रा बडवणारा आता दोन्ही हातांनी बडवू लागला. घामानं डोळे चुरचुरले. डावा हात छातीवर, उजवा जाळीवर, खांद्यातून कळा, आणि कडूबा आपल्याच जाळीला पालीसारखा चिकटून बसलेला.

"दाजी?" मागून आवाज आला. वसंता जीपमधे डुलकी काढत होता, तो उठून आला होता. "जाळी धरून काय करून राह्यला?"

कडूबानं तोंड उघडलं. मग तो कुशीवर कलंडला.

वसंतानं आधी त्याला धरलं, मग तळहाताखालची चीर पाहिली, मग जमिनीवर पडलेलं कटर. तिन्हींकडं त्यानं एकेकदा बघितलं. स्वतःचा रुमाल चिरेत कोंबला, कटर खिशात टाकलं आणि हाक मारली, "ताई! जल्दी या, दाजींना बरं न्हाई!"

जीप भोकरदनला अर्ध्या तासात पोचली. पुढच्या सीटवर कडूबा, त्याला आवळून धरलेली दैवशाला. ती सारखी एवढंच म्हणत होती, "काई होत न्हाई, मी हाय." तिची नुकतीच पुसलेली आसवं हसण्याची होती आणि आताची कशाची होती, हे कडूबाला विचारायचं होतं. पण जीव मुठीत होता.

दवाखान्यात साधना डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी त्याला आडवा केला, वायरी लावून छातीची पट्टी काढली, दंडाला फडकं गुंडाळून प्रेशर पाहिलं. पट्टी दोनदा वाचली.

"हृदयाला काही झालेलं दिसत नाही. प्रेशर थोडं चढलंय. असं कधीपासून होतंय?"

कडूबानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

"किती दिवस? दिवसातून किती वेळा? काही लक्षात आहे का?"

दैवशालानं त्याच्या शर्टाचा खिसा चाचपला, पाण्यासाठी पैसे बघायला, आणि कॅलेंडरचं पान बाहेर आलं. तिनं घडी उलगडली. डॉक्टरीणबाईंनी ते हातातून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! तारीख, वेळ, सगळं लिहून ठेवलंय. इतकं नीट कुणी आणत नाही हो. हा 'व' म्हणजे काय?"

खोलीत कडूबा, दैवशाला, आणि दाराला टेकून वसंता. कडूबानं छताकडं पाहिलं.

"वेदना," तो म्हणाला.

"छान. आणि हे तीन दिवस कोरे का?"

"गोळ्या संपल्या व्हत्या."

"कसल्या गोळ्या?"

दैवशालानं त्याच खिशातली गोळ्यांची पट्टी काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं, पुन्हा कॅलेंडर पाहिलं, पुन्हा पट्टी पाहिली.

"ही मी वैशाखात दहा दिवसांसाठी दिली होती."

"ठणका थांबायचा," कडूबा पुटपुटला.

"ठणका थांबतो. पण एखाद्याला ही गोळी आतून बेचैन करते. सगळ्यांना नाही, फार थोड्यांना. छातीत धडधड, घाम, झोप उडते, काहीतरी वाईट होणार असं उगीच वाटत राहतं. प्रेशरही चढतं. शंभर टक्के हीच, असं मी आज सांगणार नाही. पण गोळी नाही त्या दिवशी तुमचा त्रासही नाही, हे तुमच्याच अक्षरात आहे. आज किती घेतल्या?"

"दोन. चहासंगं."

"उपाशीपोटी?"

कडूबानं मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी ती गोळी बंद केली, खांद्याला दुसरं औषध आणि भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला, आणि आठ दिवसांनी या, खरंच या, असं दैवशालाकडं बघून सांगितलं.

परत येताना फाट्यावर वसंतानं गाडी थांबवली, तीन चहा सांगितले. कडूबासाठी दूध जास्त घालून. पैसे त्यानंच दिले. "पुढचा च्या तुमच्याकडं, दाजी," तो म्हणाला. कडूबा मान खाली घालून बशीत चहा ओतत राहिला.

प्लॉटवर त्या दिवशी चिरेजवळच्या दोन ओळींतली, आदल्या दुपारी नर काढलेली सगळी फुलं दैवशालानं तोडून टाकली, एकटीनं, अंधार पडायच्या आत. बियाण्याच्या कंपनीच्या माणसानं विचारलं तर वसंता म्हणाला, शेळीनं शिंग मारलं. फुलं वेळेत तोडली म्हणून लॉटला धोका राहिला नाही. चीर कडूबानंच तिसऱ्या दिवशी जाऊन डाव्या हातानं शिवली आणि टिचकी मारून बघितली.

घरी पहिले दोन दिवस दैवशाला त्याच्या तळहातावर नवं औषध ठेवून कामाला निघून गेली. तिसऱ्या दिवशी, तो भिंतीवर बोटं चढवत असताना, मागून म्हणाली, "शेळीला कटर धरता येतं का हो?"

बोटं भिंतीवरच थांबली.

"गोळीनं झालं सगळं," कडूबा म्हणाला. "बाईंनी सांगितलं ना."

"धडधड गोळीची आसल. पण तिच्यात नाव घातलं ते कुणी? ते काय पट्टीवर छापून आल्तं?"

कडूबानं बोटं एकदम वर चढवली, खांद्यातून कळ येईपर्यंत.

धडधड त्या दिवसानंतर आलीच नाही; पाच-सहा दिवस तो नुसती तिची वाट बघत बसला. आठव्या दिवशी नऊ वाजले ते त्याला कळलंही नाही. पण मत्सराचं तसं नव्हतं. तो गोळीच्या आधीपासून घरात राहत होता आणि गोळी गेली तरी त्यानं बिऱ्हाड हलवलं नाही. फक्त आवाज कमी झाला. दैवशालानं अंबाडीची भाजी डब्यात भरली की कडूबा अजून पातेल्यात डोकावून बघतो, घरी किती राहिली. फरक एवढाच की आता तो लिहून ठेवत नाही.

घटस्थापनेच्या सकाळी देवळात नगारा सुरू झाला होता. दैवशाला आवरून, पोपटी लुगडं नेसून दारात उभी राहिली.

"आज घटस्थापना. जाऊ का र्‍हाऊ?"

कडूबा शेळीला पाला टाकत होता.

"पावडर कोण घिऊन जाईल मंग?" तो म्हणाला. "सोनूबाई बसंल त्या डब्यावर."

दैवशालानं चप्पल पायात घातली. "म्हंजे जा?"

"जा. पण त्याला म्हणाव, दाजी म्हणत जाऊ नको."

"तुमीच म्हणा. अन् ते दुसरं बी तुमीच म्हणायचंय. रुमाल घातला त्यानं जाळीत, शेळीवर ढकललं. एक शब्द तर बोलून घ्या. अन् च्या पाजा."

"बोलतो की."

"कधी?"

"आजच."

तो तिच्याबरोबर देवळापर्यंत गेला. नवरात्राची गर्दी, नारळाची दुकानं, जीप कडेला घेतलेली. बाया चढल्या, दैवशाला डबा मांडीवर घेऊन बसली. कडूबा वसंताच्या खिडकीपाशी गेला, दांडी हातात धरली, घसा साफ केला.

"काय दाजी?"

"ते हे..." कडूबा म्हणाला. दैवशाला सरळ समोर बघत होती. मागं सोनूबाईसकट चौदा बायांनी कान टवकारले होते. "मागच्या टायरात हवा कमी वाटून राह्यली."

वसंता खाली उतरला, टायरला लाथ मारून पाहिली. "बराबर हाय, दाजी," तो म्हणाला, आणि तिथंच थोडा वेळ थांबला.

आता दसरा उलटला आहे. मी स्टँडवर असतो तेव्हा बघतो. कडूबा रोज सकाळी खिडकीपर्यंत जातो. आतापर्यंत चारही टायर, एक आरसा आणि दोनदा हॉर्न तपासून झालं आहे. वसंता रोज उतरतो, बघतो, थांबतो. समोरच्या हॉटेलवाल्यानं परवा तर चहाचे दोन ग्लास विसळून पुढ्यात मांडले होते. ते तसेच उपडे राहिले.